मामांचं लायसन, माझी सही

वाचकाचं पत्र (ओळख पुसून, थोडक्यात): माझे मामा कस्टम्स ब्रोकर आहेत, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीनं कस्टम्सचं काम करतात. लायसनला वीसेक वर्षं झाली. मी बी.कॉम. झाल्यावर त्यांच्याच हाताखाली लागलो. आधी एच कार्डावर (मदतनीस म्हणून) होतो, मग परीक्षा देऊन तीन वर्षांपूर्वी जी कार्ड (सही करण्याचा अधिकार) मिळालं. तेव्हापासून बहुतेक बिल ऑफ एंट्री (आयात मालाची कस्टम्सला द्यायची घोषणापत्रं) माझ्या सहीनं जातात. गेल्या दीड वर्षात आमच्या दहातल्या सात-आठ फाइली एकाच फॉरवर्डरकडून (मालाची वाहतूक जुळवून देणाऱ्याकडून) येतात. पार्ट्यांना, म्हणजे आयातदारांना, आम्ही कधी भेटलेलो नाही. केवायसी, ऑथोरिटी लेटर, सगळं त्याच्याकडून व्हॉट्सअॅपवर येतं. मागच्या महिन्यात फर्निचर फिटिंगच्या एका कंटेनरचं इन्व्हॉइस आलं आणि तासाभरात त्याच नंबरचं, त्याच तारखेचं दुसरं आलं, ‘रिवाइज्ड’ म्हणून. नग तेच, वजन तेच, किंमत मात्र जवळजवळ एक तृतीयांशानं कमी. फाइल दुसऱ्या इन्व्हॉइसवर भरली, आउट ऑफ चार्ज (माल सोडण्याची परवानगी) मिळून माल गेलासुद्धा. आता त्याच पार्टीचा पुढचा कंटेनर दहाएक दिवसांत लागतोय. मामा म्हणतात, “आपण पोस्टमन. पाकिटात काय आहे ते पोस्टमन वाचत नाही.” मी सही करू का? डिपार्टमेंटला कळवलं तर मामांच्या पोटावर पाय येईल. की नोकरी सोडून मोकळा होऊ?

---

मामांचा पोस्टमन या धंद्यात जुना आहे. सीएफएसच्या (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाच्या) शेडमध्ये चहा पिता पिता मी तो कितीदा ऐकला आहे, आणि एकेकाळी स्वतः वापरलाही आहे. त्यामुळे त्याला एकदम मोडीत काढत नाही. त्यात तथ्य आहे. २०११ पासून आपल्याकडे सेल्फ असेसमेंट आहे, म्हणजे वर्गीकरण, मूल्य, ड्युटी हे सगळं आयातदारानं स्वतः ठरवून जाहीर करायचं. बिल ऑफ एंट्रीतली माहिती पूर्ण आणि खरी असण्याची जबाबदारी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४६ नं आयातदारावरच टाकली आहे. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं की कस्टम्सचा एजंट, म्हणजेच ब्रोकर, हा व्यवहाराचा खरेखोटेपणा तपासणारा इन्स्पेक्टर नव्हे. प्रत्येक खोका उघडून बघा, परदेशी पुरवठादाराच्या वह्या तपासा, असं कुणीही तुम्हाला सांगत नाही.

पण पोस्टमन पत्राखाली सही करत नाही. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही पाकीट वाचलेलं आहे. न्यायालयांनी ब्रोकरला जे संरक्षण दिलंय ते बहुतांशी ज्याला माहीत नव्हतं आणि ज्यानं आपल्या वाटणीची चौकशी केली होती, अशाला दिलंय. एकाच नंबरची दोन इन्व्हॉइस ज्याच्या मेलबॉक्समध्ये पडली आहेत, त्याला ‘मला काय ठाऊक’ म्हणता येत नाही. तुमच्या पत्रातली अस्वस्थता तिथूनच आली आहे, आणि ती योग्य आहे.

तरी तुम्ही जे गृहीत धरलंय ते थोडं बाजूला ठेवा. दोन इन्व्हॉइस म्हणजे चोरीच, असं नाही. पहिलं घाईत पाठवलेलं असू शकतं. नंतर दराची घासाघीस होऊन सूट मिळालेली असू शकते. आधीची किंमत भाडं आणि विमा धरून असेल आणि नंतरची त्यांच्याशिवाय, असंही होतं. पण तसं असेल तर बिल ऑफ एंट्रीत भाडं आणि विमा वेगळे लागून मूल्य पुन्हा जवळपास तिथंच यायला हवं. तुमची चेकलिस्ट (बिल भरण्याआधीचा मसुदा) काढा आणि ते आलंय का बघा, पाच मिनिटांचं काम आहे. नाही आलं, तर प्रश्न उरतो. आणि सूट मिळाली असेल तर तिचा माग असतो: पुरवठादाराचं मेल, पर्चेस ऑर्डर, बँकेतून पैसे गेल्याचा स्विफ्टचा कागद. पैसे पहिल्या आकड्यानं गेले की दुसऱ्या, यापेक्षा बोलका पुरावा नाही. सागरी विम्याची पॉलिसी असेल तर तीही मागा. विमा साधारणपणे मालाची भाड्या-विम्यासहची किंमत आणि वर दहा टक्के, इतक्या रकमेचा उतरवतात. कस्टम्ससाठी किंमत कमी दाखवणारा माणूस विमा मात्र पूर्ण किमतीचा उतरवतो, कारण जहाजावर माल भिजला तर त्याला पैसे खरे हवे असतात!

प्रश्न विचारल्यावर तीन-चार तासांत कागद आले तर बरं. “अरे, तू फक्त टाक, पार्टी आपलीच आहे” असं उत्तर आलं तर तेही एक उत्तर आहे, ते लक्षात ठेवा.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, ते इन्व्हॉइसबद्दलचं नाहीच. ‘केवायसी, ऑथोरिटी लेटर, सगळं त्याच्याकडून येतं.’ म्हणजे ज्याच्या वतीनं तुम्ही सरकारपुढे उभे राहता तो माणूस तुम्ही पाहिलेला नाही, त्याचा आवाजही ऐकलेला नाही. २०१८ चे कस्टम्स ब्रोकर लायसनिंग नियम तुम्ही परीक्षेला पाठ केले असतील. दहावा नियम पुन्हा काढून बसा. त्याचं पहिलंच कलम सांगतं की ज्याच्यासाठी काम करता त्या प्रत्येक कंपनीकडून, फर्मकडून, व्यक्तीकडून अधिकारपत्र घ्या. पुढे ‘एन’ कलम सांगतं की पक्षकाराचा आयईसी (आयात-निर्यात कोड), जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), त्याची ओळख आणि जाहीर केलेल्या पत्त्यावर तो खरोखर काम करतो की नाही, हे विश्वासार्ह, स्वतंत्र आणि अस्सल कागदपत्रांवरून पडताळा. यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द अधोरेखित करा. ज्यानं फाइल आणली त्यानंच फॉरवर्ड केलेली पीडीएफ स्वतंत्र कशी?

इथे बरेच जण दचकतात. म्हणतात, मग काय आम्ही गावोगाव आयातदारांची दुकानं बघत हिंडायचं? नाही. न्यायाधिकरणाच्या अनेक निकालांत हेच आलंय की प्रत्यक्ष जाऊन पत्ता बघण्याची सक्ती नियमात नाही, आणि सरकारनं दिलेल्या कागदांवर ब्रोकरनं विसंबणं गैर नाही. पण त्या निकालांत वाचलेले ब्रोकर असे होते ज्यांनी निदान कागद तरी घेतले होते आणि ते पडताळल्याचं दाखवता आलं होतं. आयईसी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर स्वतः टाकून बघा, चालू आहे का. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते, ती केली नसेल तर तो बंद पडलेला असू शकतो. जीएसटीआयएन पोर्टलवर टाका: नोंदणी कधीची, रद्द किंवा निलंबित तर नाही, रिटर्न भरली जातात का, धंद्याचा प्रकार काय लिहिलाय. हार्डवेअरचा मोठा आयातदार आणि नोंदणी चार महिन्यांपूर्वीची, असं दिसलं की कान टवकारा. प्रत्येक पडद्याची प्रिंट तारखेसह फाइलला लावा. अधिकारपत्रावरची सही पॅनवरच्या सहीशी जुळवा, आणि फोन करा, पण लेटरहेडवरच्या नंबरवर नको. तो नंबर फॉरवर्डरच्या ऑफिसातल्याच एखाद्या पोराचा निघतो. जीएसटी नोंदणीतल्या मालकाचं नाव घेऊन बोला.

आणि एक जुनी, स्वस्तातली युक्ती. जाहीर केलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं एक साधं पत्र पाठवा: ‘आपलं काम आमच्याकडे आलं आहे, कृपया दुजोरा द्यावा.’ पोहोचलं तर पोचपावती फाइलला. ‘असा इसम येथे राहत नाही’ म्हणून परत आलं तर तुमचा निम्मा प्रश्न पोस्टानंच सोडवला. (मामांच्या पोस्टमनचा असाही उपयोग!) निर्यातीच्या बाजूला आयजीएसटी परताव्याच्या फसवणुकीची जी प्रकरणं गेल्या काही वर्षांत निघाली, त्यात निर्यातदार पत्त्यावर सापडेनात आणि डिपार्टमेंट मग शिपिंग बिलावर (निर्यातीच्या घोषणापत्रावर) ज्याचं नाव त्या ब्रोकरच्या दारात आलं. त्यातल्या कित्येकांनी लबाडी केली नव्हती, फक्त पक्षकाराची ओळख करून घेतली नव्हती.

मला आणखी एक विचारायचंय, राग मानू नका. डिजिटल सहीचं टोकन कुणाच्या टेबलावर असतं? तुमच्या, की फॉरवर्डरच्या ऑफिसात? चेकलिस्ट तुम्ही वाचून मंजूर करता, की तिकडून भरून येते आणि तुम्ही फक्त पिन टाकता? मामांना कामाप्रमाणे बिल लावता येतं, की फाइलमागे ठरलेला आकडा मिळतो? उत्तरं अशी-तशी असतील तर तुमच्याकडे फक्त एक संशयास्पद फाइल आहे असं समजू नका. मामांचं लायसन भाड्यानं गेलंय. नियमांच्या सुरुवातीलाच लिहिलंय की लायसन विकता किंवा कुणाच्या नावे करता येत नाही, आणि नावापुरतं आपलं ठेवून धंदा दुसऱ्यानं चालवला तर चौकशीत त्याकडे हस्तांतर म्हणूनच बघतात. टोकन बाहेर असेल तर ते आज संध्याकाळपर्यंत परत आणा. बाकी सगळं उद्या.

‘लायसन मामांचं आहे, मग माझं काय जाणार?’ असं तुम्ही सरळ लिहिलेलं नाही, पण तुमच्या प्रश्नांच्या मागे ते आहे असं मला वाटलं. कायदा उलटसुलट दोन्हीकडून बांधतो. तेराव्या नियमाप्रमाणे नोकरानं कामाच्या ओघात केलेल्या प्रत्येक कृतीला ब्रोकर जबाबदार. म्हणजे तुमची चूक मामांच्या मानेवर. आणि सीमाशुल्क कायद्याचं कलम ११४एए जाणूनबुजून खोटं निवेदन करणाऱ्या, त्यावर सही करणाऱ्या किंवा ते वापरणाऱ्या ‘व्यक्ती’ला लागतं. लायसन कुणाचं हे ते विचारत नाही. दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. त्यापुढे ब्रोकर नियमांतला ५० हजार रुपयांपर्यंतचा दंड किरकोळ वाटेल, पण त्या नियमांतली खरी भीती दंडाची नाही, निलंबनाची आहे. लायसन तातडीनं निलंबित झालं की त्या दिवसापासून फाइल भरता येत नाही. सुनावणी पंधरा दिवसांत द्यावी लागते, हे खरं. पण पुढची कारवाई चालली तर नोटीस, चौकशी अहवाल आणि आदेश यांना प्रत्येकी ९० दिवसांची मुदत आहे, आणि ही झाली कागदावरची मुदत. तोवर पार्ट्या दुसरा ब्रोकर गाठतात. सगळ्यात आधी जातो तो फॉरवर्डर.

मामांशी बोलताना हाच मुद्दा घ्या. ऑफिसात, इतरांसमोर बोलू नका. वीस वर्षं ज्यानं लायसन सांभाळलं त्याला भाच्यानं स्टाफपुढे नियम वाचून दाखवणं कुणालाच सहन होणार नाही. घरी जा. ‘मामा, तुम्ही चुकताय’ यानं सुरुवात करू नका. ‘मामा, ही पार्टी कोण आहे? तुम्ही कधी भेटलात का?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. जुन्या माणसांना या प्रश्नाचं वजन कळतं. त्यांच्या उमेदीत पार्टी ऑफिसात येऊन बसायची, मालाचा नमुना टेबलावर ठेवायची. नियमांत तेव्हा ब्रोकर हा शब्दही नव्हता, २०१३ पर्यंत तो कस्टम हाउस एजंट होता आणि आपण अजून सीएचए म्हणतो. ‘एजंट’ कुणाचा, हे तेव्हा सांगावं लागत नव्हतं.

माझा अंदाज असा की मामाही आतून घाबरलेले आहेत, फक्त त्यांची भीती वेगळी आहे. दहातल्या आठ फाइली एकाकडून येत असतील तर धंद्याचा मालक तो झाला. मामा कायद्याबद्दल निष्काळजी आहेत असं वाटत नाही. त्यांना नाही म्हणणं परवडत नाही. तेव्हा बोलणं फक्त नीतीचं करू नका, हिशेबाचंही करा. ही एक पार्टी गेली तर महिन्याला किती तोटा? जुन्या, सुटलेल्या थेट पार्ट्या कोण? त्यांच्यापैकी तिघांना तुम्ही या आठवड्यात फोन केलात, तर मामांना तुमचं बोलणं भाबडं वाटणार नाही.

आता डिपार्टमेंटला कळवण्याचं. तुम्ही त्याला चुगली समजता आहात. दहाव्या नियमाचं ‘डी’ कलम नीट वाचा, त्याला क्रम आहे. आधी पक्षकाराला कायद्याप्रमाणे वागायचा सल्ला द्या. त्यानं ऐकलं नाही, तर मग डेप्युटी किंवा असिस्टंट कमिशनरच्या कानावर घाला. पहिली पायरी न चढता दुसरी चढू नका, आणि पहिली तोंडी चढू नका. मेल आयातदाराला, प्रत फॉरवर्डरला, अगदी साध्या भाषेत: ‘अमुक इन्व्हॉइसच्या दोन प्रती भिन्न किमतींच्या मिळाल्या आहेत. फरकाचं कारण, पर्चेस ऑर्डर आणि पैसे पाठवल्याचा पुरावा द्यावा. खरं व्यवहारमूल्य जाहीर करणं आवश्यक आहे. खुलासा मिळाल्याशिवाय पुढील बिल ऑफ एंट्री भरता येणार नाही.’ आरोप एकही नको. ब्रोकर फर्म मामांची आहे, म्हणून मेल त्यांच्या संमतीनं जावा. ते नाहीच म्हणाले, तर तोच मजकूर तुम्ही मामांना लिहा. भाच्यानं मामाला मेल करणं विचित्र वाटेल, मला मान्य आहे. तरी करा.

आयातदाराचा हेतू खरा असेल तर मार्ग बंद नाहीत. मूल्याबद्दल खरीच शंका असेल तर पुढच्या मालाला कलम १८ खाली प्रोव्हिजनल (तात्पुरती) असेसमेंट मागता येते. गेलेल्या मालावर ड्युटी कमी भरली गेली असेल तर डिपार्टमेंटची नोटीस येण्याआधी स्वतःहून ती व्याजासकट भरण्याची सोय कलम २८ मध्ये आहे. २०२५ च्या वित्त कायद्यानं तर माल सुटल्यानंतर नोंद स्वतःहून दुरुस्त करण्यासाठी १८ए हे वेगळं कलमच आणलं. यातलं कुठलं लागू पडेल ते कस्टम्सच्या वकिलाकडून समजून घ्या, कारण हेतुपुरस्सर लपवाछपवीचा वास आला की हिशेब बदलतो आणि मागणीची मुदतही दोन वर्षांवरून पाच वर्षांवर जाते. म्हणजे मागच्या महिन्यातला कंटेनर ‘गेला एकदाचा’ असं समजू नका.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. पहिल्या इन्व्हॉइसचं मेल डिलीट करायचा मोह होईल. कदाचित फॉरवर्डर तसं सुचवेलही, हसत हसत. ते मेल राहू द्या, व्हॉट्सअॅपचा संवादही एक्स्पोर्ट करून ठेवा. नोंदी किमान पाच वर्षं जपायच्या आणि लपवायच्या किंवा नष्ट करायच्या नाहीत हे नियमातच आहे, आणि तुम्ही विचारणा केली होती हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही नसेल. उद्या कलम १०८ खाली समन्स आलंच, तर वेळेवर जा, फाइल घेऊन जा, विचारलेलं खरं सांगा. न आठवलेलं ‘आठवत नाही’ म्हणा. मामांना वाचवायला गोष्ट रचू नका. तिथे दिलेला जबाब पुढे पुरावा म्हणून वाचला जातो आणि रचलेल्या गोष्टीत आधी मामाच अडकतात.

नोकरी सोडायचं म्हणाल, तर आत्ता नको. तुम्ही गेलात तर टोकन दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, इतकंच. पण सगळं विचारूनही खुलासा आला नाही आणि मामांनी ‘सही कर’ म्हटलं, तर ती फाइल तुमच्या सहीनं जाणार नाही हे शांतपणे, लेखी सांगा. त्यावरून संबंध ताणले तर बाजूला व्हा. जी कार्ड त्या फर्मपुरतं असतं, पण परीक्षा तुम्ही स्वतः पास झालेला आहात. नव्या ब्रोकरनं रीतसर अर्ज केला की पुढचं कार्ड निघतं.

तुमच्यासारखीच पहिल्या दोन-तीन वर्षांतली जी मुलं हे वाचत असतील त्यांच्यासाठी एवढंच जोडतो, की ही पडताळणी संशय आल्यावर करायला गेलं की भांडण होतं. प्रत्येक नव्या पार्टीच्या पहिल्या फाइलला सगळ्यांना सारखी केली तर कुणाला ती टोचत नाही. ‘आमच्याकडे पद्धतच आहे’ या वाक्यामागे लपता येतं, आणि लपायला ती चांगली जागा आहे.

कंटेनर लागायला दहा दिवस आहेत म्हणता. आज आयईसी आणि जीएसटीआयएन बघा, स्पीड पोस्ट टाका. उद्या आयातदाराला थेट फोन. रविवारी मामांकडे जा, दोन्ही इन्व्हॉइसच्या प्रिंट सोबत असू द्या, आणि मामी चहा घेऊन येईपर्यंत त्या पिशवीतच राहू द्या.